आबांची पद्मिनी ठेवू की काढू? एका गॅरेजवाल्याचं जरा लांबलेलं उत्तर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा, की आबांची १९८६ची प्रीमियर पद्मिनी कोल्हापुरात राजारामपुरीत घरापुढं पाच-सहा वर्षं उभी आहे, तुम्ही नोकरीला पुण्यात, भाऊ म्हणतोय भंगारात घाला आणि जागा मोकळी करा, आबा यावर काहीच बोलत नाहीत पण रोज सकाळी तिला फडकं मारतात. आता रिस्टोर करावी, विकावी का फोटो काढून ठेवून विषय संपवावा, हे तुम्हाला कळंना. आणि शेवटी विचारलंय की तुमच्या हातातनं एवढ्या गाड्या गेल्या, तुम्ही स्वतः कुठली ठेवली आणि का.

शेवटच्या प्रश्नातच पहिल्याचं उत्तर आहे असं मला वाटतं, म्हणून जरा लांबण लावतो, कंटाळा आला तर मधलं सोडून द्या.

माझं गॅरेज उद्यमनगरात. जुन्या गाड्या घेऊन येणारी माणसं बहुतेक सगळी तुमच्यासारखीच विचारतात, "मेस्त्री, करायला किती खर्च येईल?" खर्च सांगता येतो, पण खरा प्रश्न खर्चाचा नसतोच. गाडी चालू झाल्यावर ती चालवणार कोण, हा असतो. तुम्ही पुण्यात, भावाला नको, आबांचं वय तुम्ही ७६ लिहिलंय. मग दोन-अडीच लाख घालून चकाचक केलेली गाडी परत त्याच पत्र्याखाली उभी राहणार असेल तर दोन वर्षांनी तुम्ही मला हाच प्रश्न परत विचाराल, फक्त तेव्हा पेंट नवा असेल.

आता माझ्या गाड्या. वडील एका साखर कारखान्यात चेअरमन साहेबांच्या गाडीवर ड्रायव्हर होते. पांढरी अँबॅसिडर, मागच्या काचेला पडदे, सीटवर टर्किशचे टॉवेल. सीझन संपला की वजनकाट्याजवळचं मैदान रिकामं पडायचं, उसाची एक गाडी नाही की बैल नाही, तिथं वडिलांनी मला स्टेअरिंगवर बसवलं. पाय पुरत नव्हते म्हणून पाठीमागं गोणपाटाची घडी. ती गाडी मुळात इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवरनं घेतलेली, बंगालमधल्या उत्तरपाड्याला १९५०च्या दशकाच्या शेवटापासनं २०१४पर्यंत बनत होती, एवढं आयुष्य आपल्याकडं दुसऱ्या कुठल्या कारला मिळालं असं मला तरी आठवत नाही. अँबॅसिडरबद्दल लोक ऐसपैस ऐसपैस म्हणतात ते खरंच आहे, पण मला लक्षात आहे ते वेगळंच, बॉनेट उघडलं की इंजिनच्या दोन्ही बाजूला हात घालायला एवढी जागा की पोरगं आत बसवता येईल. मेस्त्री व्हायचं माझ्या डोक्यात तिथनंच शिरलं. आत्ताच्या गाड्यांचं बॉनेट उघडलं की वर एक काळं प्लॅस्टिकचं झाकण दिसतं, पोरानं काय बघायचं आणि काय शिकायचं.

स्वतःच्या पैशानं घेतलेली पहिली गाडी म्हणजे पद्मिनीच, इचलकरंजीच्या एका डॉक्टरांकडनं सेकंडहँड. म्हणून तुमच्या प्रश्नाला जरा जास्तच वेळ देतोय. १०८९ सीसीचं इंजिन, चाळीसच्या आसपास हॉर्सपॉवर, गिअर स्टेअरिंगला, पुढं सलग सीट. त्या सीटवर पुढं तिघं बसायचे आणि मधल्याच्या गुडघ्याला गिअर लागत नाही हे कौतुकानं सांगायचे. आणि दाराच्या काचेपुढची ती छोटी तिकोनी काच! ती अशी वाकडी करून लावली की वारा थेट छातीवर. पुढं एसीच्या गाड्या वापरल्या, पण मे महिन्यात दुपारी कागलकडनं येताना त्या तिकोनी काचेचा वारा जो लागायचा त्याला तोड नव्हती, नाद खुळा.

पद्मिनी घेऊन आम्ही गगनबावड्यावरनं करूळ घाट उतरून मालवणला जायचो. उतरताना काय नाही, पण परत चढून येताना त्या काळच्या सगळ्याच गाड्या तापायच्या, मग घाटात मधेच थांबायचं, डिकीतला पाण्याचा कॅन काढायचा आणि पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकायचं. पेट्रोल पंप म्हणजे इंजिनवरचा बरं का, रस्त्यावरचा नव्हे! का टाकायचं, तर इंजिनच्या उष्णतेनं पंपात आणि पाईपमधे पेट्रोलची वाफ होते, पंप वाफ ओढू शकत नाही, कारबोरेटरला, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणाऱ्या भागाला, पेट्रोल पोचत नाही आणि गाडी बंद पडते. फडक्यानं पंप गार झाला की वाफेचं परत पेट्रोल होतं आणि सेल्फ मारला की गाडी चालू. तेवढ्या वेळात बायको पोळी-भाजीचा डबा उघडायची. पोरांना ती ट्रिप म्हणजे मालवण आठवत नाही, घाटातला डबा आठवतो.

आबांनी १९८६ला पद्मिनी घेतली यावरनं मला त्यांचा अंदाज येतोय. मारुती ८०० डिसेंबर १९८३ला आली होती, म्हणजे तोपर्यंत रस्त्यावर बऱ्यापैकी दिसत होती, तरी आबांनी पद्मिनी घेतली. त्या पिढीतल्या लई लोकांना मारुतीचा पत्रा हातानं दाबून बघून हसू यायचं. "ही कसली गाडी, चार जणांनी उचलून कडंला ठेवावी." आणि खरंच ठेवायचे, लग्नात गल्लीत गाडी आडवी लागली की! पण तीन सिलिंडर, ७९६ सीसी, वजन नाममात्र, त्याच गाडीनं पुढं सगळ्यांना गाडीत बसवलं. मीसुद्धा मधे एक ८०० वापरली, तिच्याबद्दल सांगण्यासारखं काहीच नाही आणि हेच तिचं कौतुक, किल्ली मारली की चालू.

त्यानंतर जिप्सी किंग. १३०० सीसीची, पुढं-मागं पाट्यांच्या स्प्रिंगा, मागं बसणाऱ्याचे मणके मोजून घ्यावेत अशी. दाजीपूरला गवे बघायला पावसाळा संपला की जायचो, राधानगरीच्या पुढं कच्च्या रस्त्याला फोर बाय फोरचा दांडा ओढला की जो एक खणखणीत आवाज यायचा त्यावर मी जीव टाकला होता. मनापासनं सांगतो, सगळ्या गाड्यांत आवडती कुठली म्हटलं तर जिप्सी. क्वालिस पण झाली, २०००ला आली आणि ऐन भरात असताना चार-पाच वर्षांत कंपनीनं बंदच केली, जोतिबा, नरसोबाची वाडी, पंढरपूर सगळं घरदार घेऊन त्यातनं केलं. इंडिका डिझेल झाली, कामाची होती, तिच्याबद्दल फार लिहीत बसत नाही.

आणि झेन. १९९३ला आलेली, ९९३ सीसी, कारबोरेटरवाली, पाच गिअर. बुटकी गाडी, बसलं की बूड रस्त्याला लागतंय का काय असं वाटायचं. इंजिनचा ब्लॉक पण अॅल्युमिनियमचा, त्यामुळं पुढचं नाक हलकं आणि आंबोलीच्या वळणांना ती दुसऱ्या गिअरला जी वळायची ना, स्टेअरिंगला पॉवर नसून दोन बोटांत. तोटा पण त्याच अॅल्युमिनियमचा, एकदा पाणी कमी पडून इंजिन तापलं की हेड वाकतं, बीडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, इंजिन जे सहन करतं ते हे करत नाही. म्हणून झेनवाल्याला मी आजपण सांगतो, ऑइल बघायच्या आधी पाणी बघ.

यातली आज माझ्याकडं फक्त झेन आहे. आवडती जिप्सी, मग ठेवली झेन का? तर पोरं शिकायला बाहेर गेली, दाजीपूरला जायचं बंद झालं, जिप्सी पत्र्याखाली उभी राहायला लागली. उभ्या गाडीचं काय होतं ते मी रोज गॅरेजमधे बघतो, घरच्या गाडीचं बघवंना. राधानगरीकडच्या एका शेतकऱ्याला दिली, नावावर वगैरे रीतसर करून. परवा कावळा नाक्याला दिसली, चिखलानं भरलेली, मागं खताची पोती, लई बरं वाटलं. झेनमधे मात्र मी आजही रविवारी सकाळी रंकाळ्यावरनं पन्हाळ्यापर्यंत जाऊन येतो, बायको चालवते, पार्ट मिळतात, उभी करायला शेड आहे. एवढंच कारण, आणि तुमच्या पद्मिनीलाही मी हीच फूटपट्टी लावणार.

आता कामाचं. काही गोष्टी गाडी बघितल्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही, जो फोनवर सांगतो त्याच्याकडं जाऊ नका. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पत्रा. पद्मिनीला वेगळी चॅसी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही, बॉडी हीच चॅसी, त्यामुळं इंजिन खराब असलं तर चालतं पण तळ खाल्ला असेल तर काम वाढतं. मॅटिंग उचला, ड्रायव्हरच्या पायाखाली आणि दाराखालच्या पट्टीला स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकून बघा. टणटण वाजलं तर पत्रा आहे, भद्द वाजलं तर आत गंज आहे आणि वर कुणीतरी लांबी (पुट्टी) भरून रंग मारलेला आहे. जॅक लावायच्या जागा बघा. २०१९ किंवा २०२१च्या पुरात गाडी पाण्यात होती का हे पण सांगा, राजारामपुरी उंचावर आहे म्हणून मी नसंल असं धरतो, पण असंल तर माझं पुढचं सगळं गणित बदलतं.

दुसरं म्हणजे पार्ट. पद्मिनीचे पार्ट इतकी वर्षं स्वस्तात मिळत होते ते मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळं. कंपनीनं २०००च्या सुमारास गाडी बंद केली तरी टॅक्सीवाल्यांमुळं माल बनत राहिला. ऑक्टोबर २०२३ला मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी पण थांबली, आता दुकानात आहे तो जुना स्टॉक. इंजिनचं आणि ब्रेकचं सामान अजून मिळतंय, पण दिव्यांच्या काचा, दाराच्या पट्ट्या, क्रोमचे तुकडे हे शोधावं लागतं. बाकी बुश, पिन, स्लीव्ह असलं काही अडलं तर आपण कोल्हापुरात आहोत हे लक्षात ठेवा. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांच्यासारख्या जुन्या कारागीर-उद्योजकांनी या गावाला यंत्राची सवय लावली, आजपण शिवाजी उद्यमनगरात जुना तुकडा दाखवला की लेथवर दुसरा करून देणारा माणूस चहा संपायच्या आत सापडतो. पुण्यात हेच काम करायला गेलात तर तुम्हाला दुप्पट वेळ आणि तिप्पट बोलणी.

तिसरं कागद. आरसीवर मुदत कधीपर्यंत आहे ते आधी बघा. प्रायव्हेट गाडीची नोंदणी पहिली १५ वर्षं, मग दर ५ वर्षांनी रिन्यू करावी लागते. म्हणजे १९८६च्या गाडीचा हिशोब २००१, २००६, २०११, २०१६, २०२१ असा येतो, आणि तुमची गाडी तर साधारण २०२१च्याच अलीकडं-पलीकडं उभी राहिलीय. तेव्हाचं रिन्युअल राहिलं असेल तर दंड, ग्रीन टॅक्स, पासिंग, नवी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट असं सगळं एकदम अंगावर येईल. जुन्या गाड्यांची फी २०२२ला वाढली आणि वीस वर्षांवरच्यांची २०२५ला आणखी वाढली, तेव्हा हा खर्च धरूनच चाला. कुणीतरी सांगंल की व्हिंटेजमधे घाला, टॅक्सचं टेन्शन नाही. नाही घालता येत. व्हिंटेजला गाडी ५० वर्षांवरची लागते, तुमची २०३६ला होईल, आणि व्हिंटेज नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापराला काढताच येत नाही, शो, रॅली असल्यालाच. गाडी आबांच्या नावावर आहे आणि आबा आहेत, तोवर सही त्यांची घेऊन सगळं करून टाका. नंतर वारसाच्या नावावर करताना फॉर्म ३१, दाखले, बहिणींच्या संमत्या, आमच्याकडं अशी गाडी पडून आहे जिच्यावर तीन भावांचं अजून ठरंना.

मग करायचं काय? माझं मत स्पष्ट आहे, पेंटला हात लावू नका. सध्या सगळ्यांना गाडी खोलून नट-बोल्टपासनं नवीन करायची हौस आलीय, रील बघून. गाडी चमकते, पण आबांच्या हाताला ओळखीचं जे काही होतं ते सगळं जातं. घासून गुळगुळीत झालेलं स्टेअरिंग, ड्रायव्हर सीटचा बसलेला फोम, चोकचं झिजलेलं बटण. ते जपून ठेवा. फक्त गाडी चालली पाहिजे आणि थांबली पाहिजे एवढंच आधी करा, आणि त्यात थांबणं आधी, चालणं मागनं.

बॅटरी लावून सेल्फ मारायचा मोह भावाला होऊ देऊ नका. पाच वर्षं उभ्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा चिकटलेल्या असू शकतात. प्लग काढायचे, प्रत्येक भोकात थोडं ऑइल सोडायचं, दोन-तीन दिवस तसंच ठेवायचं, मग हातानं इंजिन फिरतंय का बघायचं. फिरलं तर निम्मी लढाई जिंकली. जुनं ऑइल काढून टाकायचं. टाकीतलं पेट्रोल सगळं काढायचं, त्याचा वास घेतलात तर कळंल, व्हार्निशसारखा येतो. टाकी उतरवून आतनं धुवायची, नाहीतर गंजाचा चुरा कारबोरेटरच्या जेटमधे, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकात, जाऊन बसतो आणि मग मेस्त्री दर आठवड्याला कारबोरेटर साफ करून पैसे घेत राहतो. ब्रेक चारी चाकांना ड्रमचे आहेत, व्हील सिलिंडर हमखास जाम झालेले असणार, त्याची किट, मास्टर सिलिंडरची किट आणि रबरी पाईप सगळे नवीन, इथं काटकसर नको. टायरवर नक्षी कितीही चांगली दिसू दे, बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, ते वाचा आणि टायर बदला.

आणि पेट्रोलचे पाईप. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल आपल्याच उसाचं, आपल्याच कारखान्यांचं, त्यामुळं कोल्हापूरकरानं त्याला नावं ठेवणं बरं दिसत नाही, पण १९८६चं रबर त्यासाठी केलेलं नव्हतं. जुने पाईप, पंपाचा पडदा, गॅस्केट हे फुगतात नाहीतर भेगाळतात. इथेनॉल चालणारे पाईप बाजारात मिळतात, तेच घाला. आणि हे पेट्रोल हवेतलं पाणी ओढून घेतं म्हणून टाकी भरून गाडी महिनोन्महिने उभी करायची नाही, थोडं घालायचं आणि फिरवायची.

पत्रा ठीक असेल तर एवढं सगळं माझ्या अंदाजानं पन्नास-साठ हजारात बसावं, कागदपत्रं वेगळी. पत्रा खाल्ला असेल तर आकडा कुठं जाईल सांगता येत नाही आणि तेव्हा मी पण म्हणेन की थांबा.

गाडी चालू झाली की आबांना शेजारी बसवा आणि तुम्ही चालवा. पुण्याहून तुम्ही महिन्यातनं एकदा येत असालच. वर्षभर असं करून बघा. दसऱ्याला दसरा चौकात सोनं लुटायला कोल्हापूरच्या छत्रपतींची जुनी मेबॅक गाडी येते, ती बघायला आपण माना उंच करतो, ती तरी रोज कुठं फिरते, पण निघायच्या दिवशी निघते, कारण कुणीतरी ती तशी ठेवलेली असते. तुमच्याकडनं महिन्याला एक चक्कर होत असेल तर गाडी ठेवा. वर्षभरात तीन-चारदाच निघाली तर चालू कंडिशनमधे विका, कुणीतरी चालवणारा बघून. कॅफेच्या दारात ठेवायला किंवा लग्नात सजवून भाड्यानं द्यायला घेणारे येतील, पैसे बरे देतील, तो तुमचा निर्णय, मला विचाराल तर मी पैसे कमी घेऊन चालवणाऱ्याला देईन. आणि भंगारातच घालायची झाली तर सरकारमान्य स्क्रॅप सेंटरलाच द्या आणि तिथनं सर्टिफिकेट घ्या, आरसी रद्द करून घ्या. गल्लीतल्या भंगारवाल्याला दिली आणि उद्या त्या नंबरप्लेटवर कुणी काय केलं तर पोलीस आबांचं दार वाजवतील.

भावाचं म्हणणं पण अगदीच चुकीचं नाही हं. जागेची अडचण तो रोज सोसतोय, तुम्ही नाही. त्याला आधी विचारा की चालू गाडी असली तर तू अधनंमधनं रंकाळ्यापर्यंत काढशील का. हो म्हणाला तर माझं अर्धं उत्तर बदललं असं समजा, मग तुम्ही पुण्यात असलात तरी अडत नाही. आणि आबांना तर कुणी विचारलेलंच दिसत नाही तुमच्या प्रश्नात. बोलत नाहीत म्हणताय, पण बॉनेट उघडून उभं राहिलात तर बोलतील, माझा अनुभव आहे.

गॅरेजला आणायची असेल तर दोरी बांधून ओढत आणू नका, ब्रेक नसलेली गाडी चौकातनं ओढणं म्हणजे नसता उद्योग, फ्लॅटबेडवर घाला. नवरात्रात आणू नका, खंडेनवमीच्या आधी सगळ्या गावाला गाड्या धुऊन-पुसून पाहिजे असतात, आमच्याकडं पाय ठेवायला जागा नसते. तोवर आरसीच्या मुदतीची तारीख, मॅटिंगखालचा एक फोटो आणि मागच्या चाकाच्या कमानीचा आतनं काढलेला एक फोटो इथं टाका. मालकाचं नाव आणि नंबर झाकून. मग पत्र्याचं काय ते सांगतो.